युद्धकालीन गाणी व आमचे टीकाकार

युद्धाच्या दिवसांत जी गाणी निघतात, हातोहात खपतात आणि तह होताच विरून जातात, त्यांच्यासंबंधी आमच्या साहित्यिक मंडळींत दोन मते रूढ आहेत. पहिले मत असे की, ही गाणी म्हणजे निव्वळ प्रचार असून त्यांत काव्य शोधणे हे वाळू रगडून तेल काढण्यासारखे आहे. दुसरे मत सभासंमेलनांतून अधिक ऐकू येते. ते असे की, ही गाणी म्हणजे प्रत्यक्ष लोकहृदयाचा हुंकार होय. राष्ट्राचे मन पाहावयाचे असेल तर ते येथेच पाहावे. पहिल्या मताचे लोक ही गाणी वाचीतच नाहीत आणि दुसऱ्या मताचे लोक ती डोळे मिटून म्हणतात. आम्हांस ही दोन्ही मते अमान्य आहेत आणि या दोहोंच्या मध्ये पडून मराठीचे जे नुकसान झाले आहे ते आता उघड बोलून दाखविणे आम्हांस प्राप्त आहे.

या वादाचा निकाल लावण्यास प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेणे सोयीचे पडेल. कारण त्या देशाने आपली युद्धगीते फेकून दिलेली नाहीत. तेथे शंभर वर्षांमागे मध्यम स्थितीच्या घरी पियानो असे आणि संध्याकाळी घरातील मुलीने तो वाजवावा व इतरांनी भोवती उभे राहून गावे अशी रीत असे. या रीतीवर एक मोठा धंदा पोसला गेला होता. न्यूयॉर्क शहरातील प्रकाशक नवे गाणे स्वरलिपीसह दोनचार पानांवर छापीत, मुखपृष्ठावर रंगीत चित्र घालीत आणि काही सेंट किंमतीस ते देशभर विकीत. पहिल्या महायुद्धाविषयीची अशी चौदा हजारांहून अधिक गाणी एकट्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत. त्यांतील बहुतेकांत काव्य म्हणून नाव घेण्याजोगे काही नाही, हे आम्ही प्रारंभीच कबूल करतो. परंतु ती तारखेच्या क्रमाने लावून पाहावी, म्हणजे काय दिसते ते सांगतो.

१९१५ साली अमेरिका तटस्थ होती. त्या वर्षी आपला मुलगा रणात धाडण्यास नकार देणाऱ्या एका मातेचे गाणे निघाले व ते विलक्षण खपले. शब्द आल्फ्रेड ब्रायन यांचे, चाल अल् पियांटाडोसी यांची, प्रकाशक लिओ फाइस्ट. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या गाण्याची जाहीर टवाळी केली. त्यावरून त्याचा पसारा किती होता हे समजते. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने युद्ध पुकारले. त्याच वर्षी जॉर्ज कोहान यांचे ‘ओव्हर देअर’ हे समुद्रापार निघालेल्या फौजेचे गाणे आले, आणि त्याचे हक्क पंचवीस हजार डॉलर मोजून विकत घेणारा गृहस्थ कोण? तोच लिओ फाइस्ट. मातेचा नकार शब्दांत उतरविणाऱ्या ब्रायन यांनीही १९१७ साली आणखी एक गाणे लिहिले. त्यात प्रत्येक मुलाने शिपाई होण्याची वेळ आली आहे असा उपदेश होता. दोन वर्षांत मातेचे हृदय पालटले असे ज्यांस वाटत असेल त्यांनी तसे खुशाल समजावे. आमच्या मते पालटली ती दुकानाची पाटी.

येथे लोकहृदयवाद्यांचा मुख्य प्रमाद दिसून येतो. छापील गाणे हे लोकांनी काय अनुभवले ते सांगत नाही. लोक काय विकत घेतील याविषयी दुकानदाराने बांधलेला अंदाज ते सांगते. हा अंदाज बहुधा बरोबर असतो, नाही तर दुकान बंद पडेल. तथापि तो अंदाजच होय. दुसऱ्या महायुद्धात याचा मोठा गमतीचा प्रत्यय आला. सरकारी खात्यांस पहिल्या युद्धासारखे एखादे जंगी गाणे हवे होते आणि गीतकारही कंबर कसून बसले होते. परंतु परमुलखी गेलेल्या शिपायांकडून ज्याची मागणी अखंड येत राहिली ते गाणे अर्व्हिंग बर्लिन यांचे १९४२ सालचे ‘व्हाइट ख्रिसमस’ हे होते. त्यात शत्रू नाही, तोफ नाही, निशाण नाही. घरची नाताळ आहे आणि बर्फ आहे.

शिवाय या दुकानात सर्वांनाच मुभा होती असेही नाही. त्याच काळच्या मुखपृष्ठांवर काळ्या माणसाचे चित्र येई ते बहुतेक विदूषकाचे. आणि प्रत्यक्षात काळ्या शिपायांच्या ३६९ व्या पायदळ पलटणीचा बँड घेऊन जेम्स रीझ यूरोप हे फ्रान्सच्या आघाडीवर गेले होते. खंदकापुढील निर्मनुष्य पट्ट्यावरील गस्तीचे त्यांचे गाणे १९१९ साली ध्वनिमुद्रित झाले. लढाई पाहिलेल्या माणसाने रचलेले ते गाणे ऐकले म्हणजे न्यूयॉर्कच्या दुकानातील पुष्कळशी वीरश्री कागदी वाटू लागते.

इतके सांगितल्यावर आमचे पहिल्या पक्षाचे स्नेही म्हणतील, “मग आमचेच खरे झाले, टाकाऊ माल टाकूनच द्यावा.” मुळीच नाही. माल टाकाऊ असला तरी त्यावरील शिक्का टाकाऊ नसतो. फाइस्टच्या युद्धकालीन आवृत्त्या पाहा. कागद वाचविण्यासाठी पानाचा आकार लहान केलेला आहे. कोपऱ्यात गोमांस, डुकराचे मांस वाचवून मासे व अंडी खा, म्हणजे ते लढणाऱ्यांस मिळेल, असा गृहिणीस उपदेश छापला आहे. प्रेमगीताच्या पायाशी स्वयंपाकघरास हुकूम! एका परसत्तेशी युद्ध करणारे लोकशाही सरकार पियानोवर बसलेल्या मुलीपर्यंत कसे पोहोचते, हे दहा इतिहासग्रंथ सांगणार नाहीत ते हा कोपरा सांगतो. मात्र तो वाचण्यास गाण्याची तारीख, प्रकाशक, किंमत व मुखपृष्ठ ही सर्व शाबूत असावी लागतात. नुसत्या ओळी कवितासंग्रहात उतरून घेतल्या की साक्ष संपली.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे पियानो नव्हता व स्वरलिपीचा प्रसार भातखंडे-पलुसकरांच्या परिश्रमांनंतरही गायनशाळांच्या बाहेर फारसा झाला नाही. आपल्याकडचे छापील गाणे म्हणजे आण्यादोन आण्यांची चोपडी. ती जत्रेत, नाटकगृहाच्या दारात, स्टेशनावर विकली जाई. पदाच्या शिरोभागी ‘चाल’ हा शब्द व त्यापुढे एखाद्या परिचित पदाचा आरंभ, एवढीच त्याची स्वरलिपी. साहित्याच्या इतिहासकारांनी या ओळीकडे कधी मान वर करून पाहिले नाही. वास्तविक तीच सर्वांत बोलकी. नाटकातील पदाची चाल दिली असेल तर गाणे नाटके पाहणाऱ्या पांढरपेशासाठी आहे. लावणीची दिली असेल तर फडाभोवती जमणाऱ्यांसाठी आहे. अभंगाची दिली असेल तर लेखकास वारकरी हवा आहे. रणाचा मजकूर कोणाच्या गळ्यात उतरवावयाचा आहे हे त्या एका ओळीत कळते. आणि मूळ पद विस्मरणात गेले की चोपडीही मुकी होते, म्हणून हे काम उद्यावर टाकण्याचे नाही.

परंतु चोपड्या आहेत कोठे? येथे आमच्या साहित्यसृष्टीस लाज आणणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजी अमदानीतील ज्या गाण्यांच्या चोपड्या आज सुरक्षित सापडतात, त्यांत मोठा वाटा सरकारने जप्त केलेल्यांचा आहे. जप्त मालाच्या प्रती लंडनला जात. तेथे त्यांस क्रमांक पडे, कपाट मिळे. ग्रॅहम शॉ व मेरी लॉइड यांनी १९८५ साली त्या संग्रहाची सूचीही प्रसिद्ध केली. म्हणजे ज्यांनी ती गाणी बंद पाडली त्यांनीच ती राखली. आणि ज्यांनी ती डोळ्यांत पाणी आणून म्हटली त्यांनी त्यांत भेळ बांधली. सरकारला त्या गाण्यांची किंमत कळत होती. १९०९ साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती काही कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल, आणि कलम कोणते लावले? बादशहाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे, १२१ वे. ज्या टीकाकारांस गाणे व युद्ध यांचा संबंध उपरा वाटतो, त्यांनी त्या न्यायाधीशाशी वाद घालावा.

जी गाणी जप्त होण्याइतकी धोक्याची नव्हती, ती मात्र दोन्हीकडून मेली. पहिल्या महायुद्धात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात सापडल्या व २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या फौजेत त्या होत्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ जण त्या महायुद्धात कामास आले. हे शिपाई ज्या राजाच्या नावाने लढले तो आपला नव्हता, म्हणून राष्ट्रीय कवितेने त्यांस दारात उभे केले नाही. आणि सरकारला त्यांची भरती हवी होती, शोक नको होता. त्यांच्या बायकांनी जात्यावर काय म्हटले असेल ते त्या वेळी कोणी टिपून घेतले नाही. जात्यावरच्या ओव्या पद्धतशीर गोळा करण्याचे प्रचंड काम हेमा राईरकर व गी पॉइटेव्हाँ यांनी हाती घेतले, तोवर शतकाचा उत्तरार्धही निम्म्यावर आला होता. त्यांनी लाखावर ओव्या जमविल्या, यावरून आपण काय घालवीत होतो याची कल्पना यावी.

दुसऱ्या महायुद्धाची कथा आम्हांस अधिक जवळची आहे, कारण आम्ही मासवणास राहतो. पालघराहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूर्या नदीच्या काठी हे गाव आहे. पश्चिमेस काही कोसांवर सातपाटी, मुरबे, शिरगाव ही किनाऱ्याची गावे. उत्तरेकडे व पूर्वेकडे पाहावे तो वारल्यांचे पाडे आणि रान. १९४२ ते १९४५ या अवघ्या तीन वर्षांत या टापूत व त्याच्या लगत जे घडले ते पाहता, युद्धगीतांतून राष्ट्राचे मन दिसते असे म्हणणाऱ्यास आमचा एकच प्रश्न आहे, की कोणत्या राष्ट्राचे?

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला आणि गोळीबारात काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, सुकुर मोरे व रामप्रसाद तिवारी हे पाच जण पडले. पालघरच्या हुतात्मा चौकास आजही लोक पाचबत्ती म्हणतात ते त्यांच्यामुळेच. किनाऱ्यावरील माणसास त्या ऑगस्टात युद्ध म्हणजे इंग्रजांशी चाललेला झगडा, दुसरे काही नाही.

त्याच सुमारास मुंबईस गिरणगावात निराळेच वारे वाहत होते. जर्मनीने २२ जून १९४१ रोजी रशियावर चाल केल्यावर कम्युनिस्ट पक्षाने साम्राज्यवादी युद्ध हा शब्द टाकून लोकयुद्ध हा शब्द धरला. जुलै १९४२ मध्ये त्या पक्षावरील बंदी उठली आणि ऑगस्टच्या चळवळीपासून तो अलग राहिला. १९४३ साली अण्णाभाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा आला. पुढे १९४४ मध्ये अमरशेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला, शाळेत दीड दिवस काढलेला हा तरुण व्होल्गाकाठच्या शहराचा रणसंग्राम डफावर गातो आणि हजारो गिरणीकामगार तो ऐकतात, ही गोष्ट मराठी वाङ्मयात सामान्य नव्हे. रशियाचे दर्शन अण्णाभाऊंस झाले ते १९६१ साली! आमच्या काही विद्वानांनी यास परकी विषय व उसनी वीरश्री म्हणून नाक मुरडले. अफजलखानाचा वध आगिनदासाने गायला तो मात्र घरचा विषय, आणि ज्या युद्धाने गिरणीत तिसरी पाळी आणली, बाजारातून धान्य नाहीसे केले, ते परके, हा न्याय आम्हांस समजत नाही. स्टालिनग्राडचा पोवाडा म्हणजे एका कामगाराने जगाचा नकाशा स्वतःच्या अंगणात अंथरल्याची नोंद होय. त्याच वेळी हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की, त्या पोवाड्यावरून पालघरच्या पाच जणांच्या गावांचे मन कळणार नाही, आणि पालघरच्या घोषणांवरून गिरणगावचे कळणार नाही.

आणि तिसरे मन तर छापखान्यापर्यंत पोहोचलेच नाही. गवत आणि इमारती लाकूड यांवर ठाणे जिल्ह्यातील जमीनदार व ठेकेदार गबर होत होते; ते गवत कापणारा व लाकूड तोडणारा वारली वेठबिगारीत होता. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथून मे महिन्यात झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारपणाखाली वेठीस नकार देण्यात आला. पावसाळ्यानंतर पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळावे म्हणून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड व आणखी चार जण ठार झाले. जपान शरण जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. जगाचे युद्ध संपले म्हणून मुंबईत रोषणाई झाली, त्याच हंगामात तलवाड्याच्या माळावर हे युद्ध चालू होते.

तीन वर्षांच्या अंतराने एकाच जिल्ह्यात दोन गोळीबार, दोन्हींत पाच पाच माणसे गेली. राष्ट्रसभेच्या परंपरेत वाढलेला मनुष्य बोलू लागला की पालघर येते, तलवाडा येत नाही. लाल बावट्याच्या परंपरेतला बोलू लागला की तलवाडा येतो, पालघर ओझरते येते. दोघेही आपापल्या गाण्यांस लोकांची गाणी म्हणतात. आमचे म्हणणे असे की, दोघांचीही गाणी शेजारी शेजारी, तारखेने लावून ठेवल्याखेरीज त्यांपैकी एकाचाही अर्थ लागणार नाही. फाइस्टच्या दुकानातील दोन गाण्यांचा अर्थ जसा एकमेकांमुळे लागतो तसाच.

कोणी म्हणेल की, तेथे पैशाची बाजारपेठ होती, येथे निष्ठेची; दोन्हीस एकच माप कसे लावता? आक्षेप वाजवी आहे. ब्रायन यांनी पालटलेले सूर आणि आमच्या शाहिरांनी पालटलेले सूर एका जातीचे नव्हेत. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा ज्या अमरशेखांनी लाल बावट्याखाली उभी हयात घालविली त्यांनीच हिमालयाच्या रक्षणाची हाक आपल्या पहाडी आवाजात दिली. आणि दोन वर्षांनी त्यांचा पक्ष दुभंगला. त्यांस कोणी पंचवीस हजार डॉलर मोजले नव्हते. त्यांच्या गळ्यातून दोन निष्ठांची ओढाताण ऐकू येते आणि ती विकाऊ नाही. परंतु निष्ठेच्या बाजारातही काय म्हणावयाचे व काय गाळावयाचे याचे भाव ठरलेले असतात, हे ज्याने कोणत्याही पक्षाची सभा एकदा पाहिली आहे त्यास सांगावे लागू नये. माप निराळे लावा, पण लावा.

आमच्या टीकेची स्थिती काय आहे? महायुद्ध मराठी कवितेत कोठे उतरले असे विचारले की मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘काही कविता’ या संग्रहाकडे बोट दाखविण्यात येते. मर्ढेकरांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. यंत्रयुगातील माणसाची घुसमट त्यांनी जशी सांगितली तशी दुसऱ्या कोणास साधली नाही. पण तो संग्रह किती हातांत गेला आणि डफावरचा पोवाडा किती कानांत गेला, हा हिशेब कोणी मांडायचा? रुचीचा इतिहास आणि वाङ्मयाचा इतिहास यांत गल्लत करून आम्ही एकाच्या नावाने दुसरा लिहीत आलो आहोत. युद्धकाळी शेकडो माणसे ओरडत होती तेव्हा एक माणूस पुटपुटला. आम्ही पुटपुटणे तेवढे लिहून घेतले.

साधने नाहीत असेही नाही. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला तेव्हा ते गोंधळ्यांच्या तोंडून पद उतरवून घेत होते. एका इंग्रज अधिकाऱ्यास जे सुचले ते आम्हांस सुचू नये? य. न. केळकरांनी १९२८ पासून आयुष्याचा मोठा भाग ऐतिहासिक पोवाड्यांस वाहिला आणि जुनी बाडे धुंडाळली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे. शिवकालीन शाहिराची एक ओळ सापडली की त्यावर निबंध येतात, पाठभेदांची चर्चा होते. विसाव्या शतकातील शाहिराच्या चोपडीवर मुद्रकाचे नाव, किंमत व चाल या तिन्ही गोष्टी छापलेल्या असताना तिला रद्दीत वाट मिळते, कारण ती पुरेशी जुनी नाही. जुनी होईपर्यंत ती उरणार नाही, इतकाच या तर्कात दोष आहे.

वारल्यांच्या बाबतीत तर कागदही नाही. तेथे लग्नात धवलेरी गाते, हंगामाच्या वेळी तारप्यावर नाच होतो, आणि गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या दिवसांची हकीकत बाहेरून आलेल्या, परंतु त्यांच्यात मिसळलेल्या एका स्त्रीच्या लेखणीतून आली आहे. पुस्तकास साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले व ते योग्यच झाले. पण ज्यांच्यावर ते लिहिले त्यांच्या गाण्यांस कोणी पारितोषिक देऊ नये, निदान ऐकून तरी घ्यावे. १९४५ च्या संपात जी पोरे वीस वर्षांची होती ती हयात असली तर आज शंभरीस आली आहेत. त्यांच्या नातवंडांस काय येते व काय येत नाही याची विचारपूस करण्यासाठी आमच्या संशोधकांस लंडनचे तिकीट काढण्याचे कारण नाही. पालघर स्टेशनाबाहेर मनोरची एस.टी. उभी असते.